टेकडीवरचे घोडे

ल्युमिर कोवांडा मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माणूस आहे हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

लिपोव्हात येऊन मला आठवडाही झाला नव्हता. पोट कमी करायचं म्हणून मी सकाळी चालायला निघालो होतो. नेब्रास्काचा आमचा भाग इतका सपाट आहे, की कुणी धान्याचं पोतं आडवं टाकलं तर मुलं त्यावर घसरगुंडी खेळतील. चढ म्हणावा असा एकच, गावाबाहेरची टेकडी, आणि तिच्यावर दफनभूमी. त्या दिवशी मी ती चढून वर पोचलो तेव्हा मक्याच्या शेतांपासून वरपर्यंत धुकं पसरलं होतं. त्या धुक्यातून एक गोष्ट माझ्याकडे चालत येऊ लागली. उंची धान्याच्या कोठाराएवढी, आणि कोठारावर टोपी. कान बशीएवढे. अंगातला डंगरीचा पोशाख इतका ऐसपैस, की त्यात एखाद्या बिऱ्हाडाचा संसार मावला असता. दोन्ही हात पुढे, आणि प्रत्येक हातात एकेक वाकवलेली तार, झुरळाच्या मिशांसारखी हवेत थरथरणारी. ती आकृती माझ्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत माझ्या दिशेनं येत होती. मी लहानपणी पाठ केलेली सगळी स्तोत्रं एकात एक मिसळून म्हणायला सुरुवात केली. भीमरूपीचं शेपूट रामरक्षेला जोडलं गेलं. माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर येऊन त्या दोन तारा आपोआप एकमेकींवर आडव्या झाल्या.

"बाजूला हो," आकृती म्हणाली.

"का?"

"तू एका नॉर्वेजियनच्या पोटावर उभा आहेस."

मी डावीकडे उडी मारली.

"तिकडे नको! तिकडे त्याची बायको आहे."

मग मी जिथे उभा राहीन तिथे कुणीतरी असणार या भीतीनं एका पायावर उभा राहिलो. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुठला तू?"

"भारतातला. गावात औषधाचं दुकान घेतलंय."

"हं. आमच्याकडे तुझ्यातलं कुणी नाही अजून." त्यानं टाच जमिनीवर आपटली. "खाली म्हणतोय मी."

"मला घाई नाही," मी म्हणालो.

"छे, छे, सावकाश ये," तो अगदी यजमानासारखा म्हणाला.

असा आमचा लूमी. दफनभूमीचा राखणदार, गवत कापणारा, खड्डे खणणारा, आणि तारा धरून जमिनीखालची माणसं ओळखणारा. लिपोव्हात मला सगळे 'डॉक' म्हणतात, मी डॉक्टर नाही हे मी सांगून थकलो तरी. त्यात लूमीचा आवाज सगळ्यात मोठा.

आता या गावात कोण राहतं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. गावातल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: "आम्ही सगळे चेक. आणि थोडे जर्मन." हे थोडे जर्मन म्हणजे जवळजवळ निम्मं गाव. शिवाय आयरिश दोन घरं, ती पिण्याच्या बाबतीत चेक झालेली. ते नॉर्वेजियन जोडपं पूर्वी डाकोटाला निघालेलं असताना रस्ता चुकून इथं राहिलं आणि इथंच निजलं. मग आम्ही दोघं नवरा-बायको. बायको दिवाळीला सांगलीला गेली की गावातली आशियाई प्रजा एका दिवसात निम्म्यावर येई, आणि ती परत आली की दुप्पट होई. एवढी लोकसंख्यावाढ चीनलाही कधी जमली नसेल. आणि अलीकडच्या वर्षांत ग्वाटेमालाचे लोक. शेजारच्या गावी डुकरांच्या मांसाचा मोठा कारखाना होता. पहाटे त्यांची माणसं टेकडीच्या कडेच्या वाटेनं बसथांब्याकडे जात. प्राथमिक शाळेत घंटा झाली की आता अर्ध्या मुलांना आया स्पॅनिशमध्ये ओरडतात. तरी विचारा. "आम्ही सगळे चेक. आणि थोडे जर्मन."

यात खोटेपणा नाही. सवय आहे. आमच्याकडे घराला त्यात राहणाऱ्याचं नाव नसतं, त्यात आधी राहून गेलेल्याचं असतं. माझं घर 'व्लासाकचं घर'. मी त्यात वीस-बावीस वर्षं राहतोय. नळ दुरुस्त करणारा दर वेळी फोनवर विचारतो, "व्लासाकच्या घरी ना?"

"नाही रे बाबा, माझ्या घरी."

"हो हो. व्लासाकच्या."

व्लासाक जाऊन अर्धं शतक झालं. मी मेलो की ते घर माझं होईल, आणि तेव्हा त्यात राहणारा जो कुणी असेल तो चडफडेल. ग्वाटेमालाची सगळी कुटुंबं अशीच क्रातोख्विलच्या घरात, पोस्पिशिलच्या जुन्या घरात, दातांच्या डॉक्टरच्या घरात राहतात. त्यामुळे गावातल्या घरांची नावं घेत गेलं तर गाव अजून चेकच असतं. जिवंत माणसं फक्त भाडेकरू.

टेकडीवरही तसंच. तिथं तीन भाग. वरच्या बाजूला चेक, उताराला जर्मन, आणि कडेला इतर. मध्ये सीडरची कुंपणं, प्रत्येकाला वेगळं फाटक. जिवंतपणी एकाच खानावळीत बदकाचं मांस आणि आंबट कोबी एका टेबलावर खाणारे लोक मेल्यावर वेगवेगळ्या फाटकांतून जातात. लूमीचा बाप चेक, आई जर्मन. त्यामुळे तो दोन्ही बाजूंना त्यांच्या त्यांच्या भाषेत शिव्या देऊ शकत असे, आणि देत असे. सकाळी वरच्या फाटकातून शिरला की चेकमध्ये राम राम, खाली उतरला की जर्मनमध्ये. आयरिश लोकांसमोर नुसती टोपी उचलायचा.

त्याच्या तारांबद्दल त्याचा स्वतःचा सिद्धांत होता. दोन कपड्यांचे हँगर कापून वाकवलेल्या त्या तारा. खाली पुरलेलं माणूस असलं की त्या आडव्या होतात हे अशा तारा धरणारे सगळेच सांगतात. पण लूमी पुढे जायचा.

"जर्मन असला ना, डॉक, तर तारा दारासारख्या मिटतात. खट्. शिस्त! चेक असला तर हळूहळू येतात. त्याला वाटतं अजून एक बिअर होईल."

"आणि आयरिश?"

"दोनदा हलतात. एकदा भांडायला, एकदा माफी मागायला."

हे सगळं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. एकदा मेथडिस्ट पाद्र्याच्या अंगणात त्यानं तारा धरल्या आणि जाहीर केलं: "विधवा. स्थूल. शांत स्वभावाची. बहुधा लुथरन." पाद्र्याच्या बायकोनं आठवडाभर त्या जागी फुलं ठेवली. मग नळासाठी खणलं तेव्हा तिथून दुधाचा एक जुना, गंजलेला कॅन निघाला. तेव्हापासून शुक्रवारी खानावळीत मासे तळले जात असताना लूमी आत आला की कुणीतरी ओरडायचं, "कोवांडा, तुझी विधवा कशी आहे?" तो शांतपणे टोमॅटोचा रस घातलेल्या बिअरचा पेला उचलायचा आणि म्हणायचा, "शांत आहे. तुझ्या बायकोपेक्षा."

तेव्हा मी काही त्याच्या तारांवर विश्वास ठेवून बसलो नव्हतो. फक्त एक गोष्ट मला खटकायची. टेकडीच्या ईशान्येला, इतरांच्या भागापलीकडे, एक मोकळा कोपरा होता. ना दगड, ना कुंपण. गाव म्हणायचं, तिथं घोडे पुरलेत. फार पूर्वी साथ आली होती, घोडे मेले, पुरले. लूमी सगळीकडे यंत्रावर बसून, गाणी म्हणत गवत कापायचा. त्या कोपऱ्याशी आला की यंत्र बंद. खाली उतरायचा, टोपी काढायचा, विळा घ्यायचा आणि हातानं कापायचा. आणि तिथं तो कुणालाच राम राम घालायचा नाही.

"घोड्यांसाठी टोपी काढतोस?" मी एकदा विचारलं.

"डोक्याला ऊन देतोय," तो म्हणाला. आकाशात ढग होते.

मग ग्रेगोरियो इश्कोय गेला.

क्रातोख्विलच्या घरात राहणारा, बुटका, रुंद, सदा हसरा माणूस. रविवारी अंगणात बसून सायकली दुरुस्त करायचा, गावातल्या सगळ्यांच्या. असाच एका सायकलीवर वाकलेला असताना छातीत कळ आली आणि संपलं. त्याची बायको कांदेलारिया माझ्या दुकानातून त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायची. ती दुसऱ्या दिवशी आली ती उरलेल्या गोळ्या परत करायला. परत घेता येत नाहीत हे मी तिला सांगू शकलो नाही. घेतल्या.

तिचं म्हणणं एवढंच होतं: नवऱ्याला इथंच पुरायचं. त्याचं शव मायदेशी पाठवलं तर तिला मागे जाता येणार नव्हतं. गेली तर कागदपत्रं नसल्यानं परत येता आलं नसतं, आणि मुलं इथं होती. "मला चालत जाता आलं पाहिजे त्याच्याकडे," ती म्हणाली. "बस नको. गाडी नको. चालत."

दफनभूमीच्या संघाची अध्यक्ष व्हर्लीन पोस्पिशिल. तिच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. गावात कुणी आजारी पडो, पहिलं चिकन-नूडलचं भांडं तिच्या हातातून येतं. कांदेलारियाकडेही ते भांडं गेलं होतं. पण जागेचं विचारल्यावर व्हर्लीनचा चेहरा पडला.

"बाळा, टेकडीवर जागाच नाही."

कांदेलारियानं खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. अर्धी टेकडी रिकामी, हिरवीगार.

"ती सगळी घेतलेली आहे," व्हर्लीन म्हणाली. "लोकांनी पूर्वी घरागणिक आठ-आठ जागा घेऊन ठेवल्यात. मुलांसाठी, नातवंडांसाठी."

"कुठे आहेत ती नातवंडं?"

"ओमाहात. कॅलिफोर्नियात. पण येतील ना कधीतरी."

थोडक्यात, टेकडी भरलेली होती ती अजून न आलेल्या चेक लोकांनी. त्यातला एकही येणार नाही हे व्हर्लीनलाही ठाऊक होतं. पण त्यांची जागा दुसऱ्याला देणं म्हणजे ते येणार नाहीत हे मान्य करणं, आणि हे मान्य केलं तर मग गाव कुणाचं? मग तिचे डोळे चमकले. "घोड्यांचा कोपरा! तो कुणाच्याच नावावर नाही. तो घे तू. फुकट. लूमी तारा फिरवून सांगेल घोडे नक्की कुठे आहेत, त्यांच्या बाजूला जागा काढेल."

लूमी खानावळीत होता. व्हर्लीननं हे सांगितलं तेव्हा त्यानं पेला खाली ठेवला.

"तिथं मी खणणार नाही."

"अरे, घोडे आहेत ते! घोड्यांची भीती वाटते तुला?"

"खणणार नाही म्हटलं ना."

गेल्या तीस वर्षांत लूमीनं कुठलंही काम नाकारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. व्हर्लीन रागावली. गावात कुजबुज झाली, की म्हाताऱ्याला ग्वाटेमालाच्या माणसासाठी खणायचं नाही. हे कानावर आलं तेव्हा लूमीचे बशीएवढे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दुकानात आला.

"चल. तिलाही बोलव. मला हे एकट्यानं करायचं नाही."

त्या दुपारी वारा पडला होता. आमच्याकडे वारा कधीच पडत नाही. इथली झाडंसुद्धा वाऱ्याला पाठ करून वाकडी वाढतात. पण त्या दुपारी टेकडीवर गवताचं एक पातं हलत नव्हतं. खाली गावात कुणाच्या तरी घराचं जाळीचं दार आपटलं ते थेट इथवर ऐकू आलं. लूमीनं टोपी काढून माझ्या हातात दिली आणि तारा धरून तो कोपऱ्यात शिरला.

दोन पावलं टाकली आणि तारा आडव्या झाल्या. आणखी दोन पावलं, परत. मग तो सरळ रेषेत चालत गेला आणि तारा उघडल्याच नाहीत. त्या एकमेकींवर घट्ट आडव्या राहिल्या आणि थरथरत राहिल्या. वारा नव्हता. लूमीचे हात स्थिर होते, खड्डे खणणाऱ्या माणसाचे ते हात. मी बघत होतो. मी औषधवाला माणूस, मला सगळ्याची कारणं लागतात. स्नायूंच्या सूक्ष्म हालचाली वगैरे मला माहीत आहेत. ती कारणं मी मनात म्हणत होतो, पहिल्या दिवशी स्तोत्रं म्हटली तशीच.

"घोडे असे ओळीनं झोपतात का?" मी विचारलं. मला विनोद करायचा होता.

तेवढ्यात कांदेलारिया म्हणाली, "डॉन लूमी, हेच लोक का?" ती त्याला 'डॉन' म्हणायची. आपल्याला त्यानं कुणी टोळीचा म्होरक्या आठवतो, तिच्या बोलीत तो आदर.

"कुठले लोक?"

"पहाटे मी या वाटेनं बसला जाते. रोज इथून कुणीतरी मला 'बुएनोस दियास' म्हणतं. म्हातारा आवाज. मीही म्हणते. मला वाटायचं, तुम्हीच."

लूमी तिच्याकडे वळला. "मला तुमच्या भाषेतला एक शब्दसुद्धा येत नाही, बाई. म्हणून तर मी इथं कधी कुणाला हाक मारत नाही. काय म्हणणार?"

"ते आमच्यासारखं बोलत नाहीत," कांदेलारिया म्हणाली. तिला भीती वाटलेली दिसत नव्हती. शेजाऱ्यांबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. "उत्तरेकडचं वळण आहे. मेक्सिकोतले जुने लोक बोलतात तसं."

लूमी तिथंच गवतात बसला. एवढा उंच माणूस बसला की काहीतरी कोसळल्यासारखं वाटतं.

"रूळ टाकायला आले होते," तो म्हणाला. "मेक्सिकन. रेल्वेच्या मालडब्यांत राहायचे, बायकामुलांसकट. पहिल्या महायुद्धाच्या वेळची थंडी. तापाची साथ आली. गावातलेही मेले, त्यांचे दगड आहेत बघ खाली, नावं, देवदूत, सगळं. डब्यांतले लोक गावात मदत मागायला आले तर कुणी दार उघडलं नाही. मग एका सकाळी गावातल्या लोकांनी माझ्या आजोबाला बोलावलं. गाडीवर ताडपत्री झाकलेली. 'घोडे आहेत, कोवांडा, खोल खण,' म्हणाले. आजोबा माझ्या बापाला सांगायचा, ताडपत्रीखालून बूट दिसत होते. घोडे बूट घालत नाहीत."

त्यानं गवतावरून तळहात फिरवला.

"बापानं मला सांगितलं. टोपी काढून काप, हातानं काप. कुणी विचारलं तर घोडे."

"मग आता सांगून टाक," मी म्हणालो.

"सांगितलं तर काय होईल, डॉक? माणसं आहेत म्हटलं की सरकारी कचेरीतून लोक येतील. दोऱ्या बांधतील. कोपरा बंद. वर्षं जातील. आणि तिचा माणूस शीतपेटीत वाट बघत राहील, नाहीतर विमानात चढेल." त्यानं कांदेलारियाकडे पाहिलं. "खरं सांगितलं तर तुझी जागा जाते. खोटं सांगितलं तर यांची."

आता मला वाटलं होतं ती रडेल. ती गुडघ्यांवर बसली, जमिनीवर तळवे टेकले आणि स्पॅनिशमध्ये बोलू लागली. प्रार्थना नव्हती ती. घर भाड्यानं घ्यायला गेलेली बाई बोलते तसा सूर होता. माणूस शांत आहे, पीत नाही, सायकली दुरुस्त करतो, असं काहीसं. मग ती थोडं थांबली, ऐकल्यासारखं. मग उठली आणि कोपऱ्याच्या मधोमध एका ठिकाणी जाऊन उभी राहिली.

"इथं."

लूमी तारा घेऊन तिच्यापाशी गेला. तिच्या पायाशी येताच तारा हळूच सुट्या झाल्या आणि सरळ राहिल्या. एका माणसापुरती जागा. डावीकडे सरकला, आडव्या. उजवीकडे, आडव्या.

"सरकून बसलेत," लूमी कुजबुजला.

"तुम्ही सांगा घोडे," कांदेलारिया म्हणाली. "त्यांची हरकत नाही. ते म्हणतात, एवढी वर्षं घोडे होतो, अजून थोडी."

शुक्रवारी खानावळ भरलेली होती. माशांच्या धुरात व्हर्लीननं सगळ्यांसमोर विचारलं, "मग, लूमी? काय आहे खाली?"

लूमी उभा राहिला. दोन्ही हात डंगरीच्या खिशात घातले.

"घोडे."

"सगळे?"

"सगळे."

"कुठल्या रंगाचे रे, कोवांडा?" मागून कुणीतरी ओरडलं. "काळे की तांबडे?" खानावळ हसली. हसणाऱ्यात दुष्ट कुणी नव्हतं. विधवेची आठवण काढून हसतात तसंच हसले. लूमीनं पेला उचलला नाही. तो दाराकडे गेला, आणि जाताना माझ्या मानेला त्याचा हात लागला. तो बर्फासारखा गार होता.

ग्रेगोरियोला रीतसर पोचवलं. लूमीनं यंत्र नेलं नाही, फावड्यानं खणलं. त्या वर्षी पाऊस नव्हता, जमीन विटेसारखी कडक झाली होती. पण तिथली माती मऊ निघाली, कालच कुणी उकरून ठेवल्यासारखी. व्हर्लीनच्या संघातल्या बायकांनी नेहमीप्रमाणे हॅमची सँडविचं आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, आणले. कांदेलारियाच्या लोकांनी पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे तामालेस आणले. दोन्ही जमाती एकमेकांचं खाऊन, "छान आहे हं," म्हणत चर्चच्या तळघरात बसल्या. बाहेरून पाहिलं असतं तर ते एक गाव वाटलं असतं.

आणि लूमीच्या तारा बंद पडल्या.

हे मला पंधरवड्यानं कळलं. सकाळी टेकडीवर गेलो तर तो स्वतःच्या बापाच्या दगडासमोर उभा होता. तारा समोर धरलेल्या. सरळ, निर्जीव. दोन हँगर.

"बघ," तो म्हणाला. "बाप! माझा बाप आहे खाली, मी स्वतः पुरलाय. आणि हलत नाहीत."

"तारा गंजल्या असतील."

त्याला ती सूचना इतकी पटली की मला वाईट वाटलं. मी माझ्या कपाटातला नवा हँगर दिला. त्यानं वाकवला. चेकांवरून गेला, जर्मनांवरून गेला. तो नॉर्वेजियनसुद्धा गप्प.

"रागावलेत," लूमी म्हणाला. "सगळे. मला वाटायचं हे एकमेकांशी बोलत नाहीत. इतकी कुंपणं मध्ये. पण मी खानावळीत काय बोललो ते खाली कळतं वाटतं त्यांना."

यानंतर तो फाटकातून शिरताना राम राम घालेनासा झाला. कुणी उत्तर देत नसेल तर एकतर्फी किती बोलणार, असं म्हणायचा. खानावळीत विधवेचा विषय निघाला तरी त्याला काही सुचायचं नाही. थट्टा करणारेही मग कंटाळले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ग्वाटेमालाच्या लोकांचा मृतांचा दिवस आला. कांदेलारियानं दुपारी कोपऱ्यात पाइनची पानं अंथरली, झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. ग्रेगोरियोसाठी ताट मांडलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं. ओळीनं ताटं मांडत ती कोपऱ्याच्या कडेपर्यंत गेली आणि प्रत्येकात भात, काळे घेवडे आणि मक्याची भाकरी वाढली. गावातले लोक वाटेवर थांबून बघत होते.

"घोड्यांना वाढतेय बिचारी," कुणीतरी म्हणालं. "दुःखानं डोकं फिरलंय."

"मग नीट तरी वाढू द्या," असं म्हणत व्हर्लीन घरी गेली आणि गाजरांची जुडी आणि साखरेचे खडे घेऊन आली. खरंच सांगतो, थट्टा नव्हती. तिचं मन तसं आहे. तिनं प्रत्येक ताटात एकेक गाजर आणि एकेक खडा ठेवला. कांदेलारियानं तिला वाकून नमस्कार केला. लूमी दूर, कुंपणाशी, टोपी हातात घेऊन उभा होता. तो पुढे आला नाही.

आपल्याकडे पितरांचं ताट वाढलं की कावळ्याची वाट बघतात. इथं मी बराच वेळ बघितलं. टेकडीवर एरवी काळे पक्षी थव्यानं असतात, त्या संध्याकाळी एकही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही तिथं होतो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. ताटं स्वच्छ होती. शिताचा कण नव्हता. बोटानं पुसून घेतात तशी पुसलेली. आणि प्रत्येक ताटात, व्हर्लीननं ठेवलं होतं त्याच जागी, गाजर आणि साखरेचा खडा.

"रॅकून असेल. रात्री येऊन खाऊन गेला," व्हर्लीन म्हणाली.

"रॅकून गाजर सोडत नाही, व्हर्लीन," लूमी म्हणाला. "साखर तर नाहीच."

व्हर्लीन वाकली, एकेक गाजर उचलून पिशवीत टाकत ओळीच्या शेवटापर्यंत गेली, आणि कुणाकडे न बघता खाली उतरली. त्या शुक्रवारी ती खानावळीत आली नाही. पुढच्या शुक्रवारी आली, आणि माशांबद्दल बोलली.

पुढच्या उन्हाळ्यात मांसाचा कारखाना बंद झाला. कांदेलारिया मुलांना घेऊन आयोवात दुसऱ्या कारखान्याजवळ राहायला गेली. तिथून टेकडीला यायला गाडीनं दिवस मोडतो, आणि तिच्याकडे गाडी नाही. लूमी त्याच हिवाळ्यात लिंकनच्या इस्पितळात न्यूमोनियानं गेला. मुलीनं त्याचं तिथंच दहन केलं आणि राख ॲरिझोनाला नेली. टेकडीवरचं गवत आता बाहेरगावचा कंत्राटदार कापतो, घोड्यांच्या कोपऱ्यातलंसुद्धा, यंत्रावर बसूनच.